मुक्कामी गाडीची झाडं: रंगीत पानं जगवायची आणि वाढवायची कशी

सातारा आगारात कंडक्टर म्हणून माझी 31 वर्षं गेली, त्यातली बरीचशी मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी स्टँडवरून निघायचं, कासमार्गे बामणोलीला नाहीतर मेढ्याच्या पलीकडं डोंगरातल्या एखाद्या गावात गाडी लावून झोपायचं आणि उजाडता उजाडता पहिली गाडी घेऊन माघारी यायचं. ज्या घरी चहा व्हायचा त्या घराच्या परड्यात, न्हाणीच्या सांडपाण्यावर, काहीतरी लाल-पिवळ्या पानांचं वाढलेलं असायचंच. "मावशी, एक फांदी न्यू का?" हे विचारायला मी कधी लाजलो नाही. फांदी ओल्या फडक्यात, फडकं कॅरीबॅगेत आणि कॅरीबॅग ड्रायव्हरच्या सीटमागं सावलीत. आज गोडोलीत आमच्या घराभोवती आणि गच्चीवर मिळून साठ-सत्तर कुंड्या आहेत. विकत आणलेली झाडं त्यात दहासुद्धा नसतील.

चोरून आणलेलं झाड हमखास लागतं, असं आपल्याकडं म्हणतात. लागतं खरं, पण त्यात चोरीची पुण्याई काही नाही. चोरणारा घाईत असतो. शेंड्याची कोवळी, चार बोटांची फांदी मोडतो, तीही बहुतेक पावसाळ्यात, कारण झाडं नजरेत भरतात तेव्हाच. आणि कुणी बघायच्या आत घरी जाऊन लावून टाकतो. छाटकलमाचे, म्हणजे फांदी कापून लावून रोप करायचे, नियम तरी दुसरे कुठले आहेत? मागून नेणारा मात्र हौसेनं हातभर फांदी मागतो, दोन दिवस बादलीत ठेवतो आणि मग सांगत येतो की लागली नाही.

मला मुक्कामाचा अजून एक फायदा व्हायचा. फांदी मिळायची ती पहाटे. रात्रभर झाड पाणी पिऊन तट्ट भरलेलं असतं, तेव्हा तोडलेली फांदी साताऱ्यापर्यंत मान टाकत नाही. दुपारी दोनला तोडलेली मात्र फडक्यातच माना टाकून बसते.

नर्सरीत ही झाडं 'बहुवर्षायू', म्हणजे बरीच वर्षं जगणारी, म्हणून देतात. शब्द बरोबर आहे, पण त्यावर जाऊन निवांत राहू नका. रंगीत नक्षीच्या पानांचा कोलियस दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खाली नुसता दांडका होतो आणि वर चार पानं उरतात. जांभळ्या पानांचा पर्पल हार्ट मधोमध बोडका होतो. पर्शियन शील्डच्या जुन्या पानांचा रंग उडतो. माझ्या अंगणात वीस वर्षांपूर्वीचा कोलियस आहे असं मी सांगतो तेव्हा ते खोड वीस वर्षांचं नसतं. दर पावसाळ्यात त्याच्या शेंड्याचं नवीन रोप केलेलं असतं, एवढंच. या झाडांच्या बाबतीत जगवणं आणि वाढवणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

कधी करायचं

आमच्याकडं मृग बरसला की कर्दळीचे गड्डे, आर्द्रा लागल्या की छाटकलमं आणि पुनर्वसूत गुटी (फांदीला झाडावर असतानाच मुळं फोडायची, ते पुढं सांगतो), असा माझा क्रम आहे. जून-जुलैत हवेतच ओल असते, त्यामुळं मुळं नसलेली फांदी सुकत नाही. एप्रिल-मेमध्ये साताऱ्याची कोरडी हवा आठ तासांत फांदीचा पापड करते. डिसेंबर-जानेवारीत कलम मरत नाही, पण रुसल्यासारखं नुसतं उभं राहतं. ऑगस्टच्या शेवटापर्यंत काम उरकलं की थंडीच्या आत रोपं पाय रोवतात.

ऊन

सगळ्यात जास्त लोक इथं चुकतात. "माझ्या क्रोटनला रंगच येत नाही हो," असं कुणी म्हटलं की मी आधी कुंडी कुठं आहे ते विचारतो. बहुतेक वेळा उत्तर येतं, हॉलमध्ये टीव्हीशेजारी. रंगीत पानातसुद्धा हरितद्रव्य असतंच, लाल-जांभळा रंग त्यावर चढलेला असतो, आणि तो चढायला ऊन लागतं. क्रोटनचं नवीन पान पुष्कळदा हिरवट-पिवळं निघतं आणि उन्हात जून होता होता लाल होतं. पर्पल हार्ट सावलीत ठेवलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवट पडतं.

पण सगळ्यांना एकच ऊन चालत नाही. क्रोटन, कर्दळ, पर्पल हार्ट यांना दिवसभराचं ऊन द्या. कोलियसला सकाळचं, दहा-अकरापर्यंतचं. दुपारचं पश्चिमेचं ऊन लागलं की पानं धुऊन वाळत घातलेल्या जुन्या साडीसारखी विटतात. पर्शियन शील्ड, बेगोनिया आणि कॅलेडियम झाडाच्या झिरझिरीत सावलीत किंवा पूर्वेच्या ओट्यावर. आमच्या घराची पश्चिमेची भिंत मे महिन्यात तव्यासारखी तापते. तिथं कर्दळ सोडून काहीही टिकलेलं नाही.

माती

वाढत्या झाडासाठी पोयटा, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, तिन्ही सारख्या मापानं. नदीची वाळू सहज मिळत नाही म्हणून मी क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, घेतो, पण तीन-चार पाण्यांनी धुऊन. धुतली नाही तर तिची भुकटी खाली बसते आणि कुंडीच्या तळाला सिमेंट होतं. कुंडीच्या भोकावर कौलाचा तुकडा, पालथा.

कलमांच्या कुंडीत खत अजिबात नको. मूळ नसलेली फांदी जेवत नाही, उलट खतामुळं तळ कुजतो. तिथं निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मी वाळू. कोकोपीट रात्रभर भिजवून, पिळून, पाणी एकदा बदलून घ्या, त्यात क्षार असतात.

कोलियस, सावकाश

सुरुवात करायची तर यानंच. एक फांदी हातात घ्या आणि खोड दोन बोटांत फिरवून बघा. गोल नाही, चौकोनी लागेल. तुळशीचं आणि पुदिन्याचंही असंच असतं, तिन्ही एकाच कुळातली. आता पानं बघा. समोरासमोर जोडी, त्याच्या वरची जोडी आडवी, त्याच्या वरची पुन्हा उभी. जोडी फुटते तिथं खोड जरा फुगीर असतं, ते पेर. मुळांची सगळी तयारी तिथंच.

तुरा न आलेला शेंडा निवडायचा, तीन-चार इंचांचा. पेराच्या खाली दोन-तीन मिलिमीटर सोडून धारदार ब्लेडनं कापायचा. बोथट कात्रीनं खोड चेपतं आणि चेपलेलं कुजतं. खालच्या दोन जोड्या काढून टाकायच्या, वरची मोठी पानं असतील तर आडवी अर्धी कापायची. मग फांदी काचेच्या ग्लासात. पाण्यात पान बुडता कामा नये. दोन दिवसांआड पाणी बदला. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत पेराभोवती पांढरे दोरे दिसतात.

ते दोरे इंचभर झाले की लगेच कुंडीत लावा. इथं माझी एक सवय मला नडली. खिडकीत ग्लास छान दिसतो म्हणून मी महिना-महिना ठेवायचो. मुळांचा गुंताडा व्हायचा, मातीत घातलं की झाड आठ दिवस मान खाली घालून बसायचं आणि निम्मी रोपं जायची. पाण्यातली मुळं लाडावलेली असतात, त्यांना लहानपणीच मातीत घालायला पाहिजे. मातीत घातल्यावर पहिला आठवडा सावली.

रोप वीतभर झालं की शेंडा नखानं खुडा. जीवावर येतं, पण खुडल्याशिवाय बाजूला फुटवा येत नाही. खाली पानांच्या बेचक्यातून दोन फांद्या येतात, त्या खुडल्या की चार. पुढं निळसर तुरे यायला लागतात. ते दिसताक्षणी मी काढतो. "अहो, मंजिरीसारखी फुलं ती, तोडता कशाला?" असं आमच्या घरात दरवर्षी होतं. तुरे ठेवले तर झाड बी धरायच्या मागं लागतं, पानं बारीक होतात आणि खोड लाकडासारखं होतं. आता एक कुंडी हिच्यासाठी न खुडता सोडतो. त्यातलं बी पडून उगवलेली रोपं आईसारखी निघत नाहीत, प्रत्येकाचा रंग वेगळा. मजा म्हणून ठीक आहे, पण आवडता रंग टिकवायचा तर फांदीच लावावी लागते.

थंडीत कोलियसला पाणी कमी. मातीत बोट खुपसून बोटाच्या एका पेराइतकं आतपर्यंत कोरडं लागलं तरच द्यायचं.

क्रोटन आणि खाकी शर्ट

माझ्या एका खाकी शर्टाच्या बाहीवर तपकिरी डाग होता, निवृत्त होईपर्यंत गेला नाही. क्रोटनचा चीक. म्हणून पहिली सूचना, जुने कपडे घाला, हात डोळ्यांना लावू नका आणि काम झालं की साबणानं धुवा.

बारीक पानांच्या जाती छाटकलमानं येतात. पेन्सिलीच्या जाडीची सहा इंचांची फांदी, खालची पानं काढलेली, टोक पाण्यात धरून चीक थांबवायचा, रूटिंग पावडरीत (मुळं फुटायला लावतात ती) टेकवायचं आणि वाळू-कोकोपीटमध्ये खोचायचं. वरून पाण्याच्या बाटलीचा कापलेला वरचा भाग झाकण म्हणून ठेवायचा. महिना-दीड महिना हलवून बघायचं नाही. आणि झाकण घातलेली कुंडी उन्हात ठेवायची नाही. मी एकदा ठेवली, संध्याकाळी आतून उकडलेल्या भाजीचा वास आला.

रुंद पानांचे, किमती क्रोटन मात्र गुटी कलमानंच करा. ही मला पुस्तकातनं नाही आली. दहिवडी-म्हसवड गाडीवर डाळिंबवाले शेतकरी असायचे, त्यातल्या एकानं स्टँडवर गाडी सुटायच्या आधीच्या दहा मिनिटांत, कडुलिंबाच्या काटकीवर करून दाखवली.

शेंड्यापासून दीड वीत खाली पानं काढून जागा मोकळी करायची. तिथं चाकूनं दोन गोल चिरा, एकमेकींपासून इंचभर लांब. मधली साल बांगडीसारखी सोलून काढायची. आता महत्त्वाचं: सालीखाली बुळबुळीत, ओलसर थर असतो, तो चाकूच्या पाठीनं खरवडून लाकूड कोरडं करायचं. तो राहिला तर झाड साल परत जोडून घेतं आणि आपण दोन महिने उगाच वाट बघत बसतो. चीक ओल्या फडक्यानं पुसा, थांबेपर्यंत थांबा. रूटिंग पावडर वरच्या चिरेच्या कडेला लावायची, खालच्या नाही. पानांनी तयार केलेलं अन्न वरून खाली येतं, ते तिथं अडतं आणि मूळ तिथंच फुटतं. सुकं शेवाळ (स्फॅग्नम मॉस) भिजवून घट्ट पिळायचं, लिंबापेक्षा मोठा गोळा करून जागेभोवती दाबायचा, वरून पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीनं आवळायची. वरची गाठ विशेष घट्ट, नाहीतर पावसाचं पाणी आत उतरतं आणि सगळं कुजतं.

प्लॅस्टिक पारदर्शकच घ्या. मी पहिल्यांदा काळं घेतलं होतं. आत काय चाललंय कळेना, म्हणून दोनदा सोडून बघितलं आणि दोन्ही वेळा कोवळी मुळं तुटली. पारदर्शकातून पाच-सहा आठवड्यांत मुळं दिसतात, पांढरी, मग जरा तपकिरी. जाळं दाट झालं की गोळ्याच्या खाली कापायचं, प्लॅस्टिक काढायचं, शेवाळ तसंच ठेवून लावायचं. अर्धी पानं कमी करा आणि पंधरा दिवस सावली द्या. जागा बदलली म्हणून क्रोटन खालची काही पानं टाकतो. टाकू द्या. घाबरून पाणी वाढवलं तर मात्र जातो.

कर्दळ

फूल आणि पान दोन्ही हवं असेल तर कर्दळीला तोड नाही. तांबूस-जांभळ्या पानांची एक आणि हिरव्यावर पिवळ्या रेघांची, नारिंगी फुलांची दुसरी, अशा दोन लावल्या तरी अंगण भरतं. कोरेगावकडं आल्याचं बेणं मोडतात तसंच हे काम. मेअखेरीस गड्डा खणून काढायचा, माती झाडायची आणि प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे राहतील असा कापायचा. कापलेल्या जागी राख चोळून एक दिवस सावलीत सुकू द्या. मग मृग बरसला की डोळे वर करून तीन-चार इंच खोल, दोन तुकड्यांत दीड फूट अंतर.

निचऱ्याची काळजी न करता लावावं असं माझ्याकडचं हे एकच झाड. काळी चिकट माती चालते, सांडपाणी चालतं, खत कितीही खातं. एका दांड्याची फुलं संपली की तो दांडा जमिनीलगत कापा, तो परत फुलत नाही, उगाच जागा अडवतो. तीन वर्षांनी दाटी झाली की पुन्हा खणा आणि शेजारीपाजारी वाटा.

न सांगताही लागणारी

पर्पल हार्ट मोडून मातीत खोचलं की झालं. रिओ वरून हिरवा, खालून जांभळा. बाजूला पिल्लं येतात, ती वेगळी करायची. थोरली मुलगी अकरावी सायन्सला असताना या पानाचा जांभळा पापुद्रा कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लागायचा. कुणाच्या घरी रिओ आहे याची वर्गात चौकशी झाली, आणि त्या वर्षी आमच्या कुंडीची पानं कॉलेजनंच संपवली.

पर्शियन शील्ड नावाला पर्शियन, मूळचं म्यानमारकडचं. कास-बामणोली रस्त्याला सात-आठ वर्षांतून एकदा जांभळी फुलणारी कारवी तुम्ही बघितली असेल, तिची ही चुलत बहीण. पान चांदी आणि जांभळा रंग मिसळल्यासारखं. कोलियससारखीच पाण्यात मुळं धरते आणि तिचेही शेंडे सतत खुडावे लागतात.

बेगोनियाचं एक पान

रेक्स बेगोनिया मी पाचगणीहून आणला, फांदी नव्हे, एकच पान. पान पालथं करायचं, जाड शिरा एकेक ठिकाणी ब्लेडनं आडव्या कापायच्या. मग सुलटं करून ओल्या कोकोपीटवर ठेवायचं आणि शिरा मातीला टेकतील असं काड्यापेटीच्या मोडलेल्या काड्यांनी टाचायचं. वर काच किंवा प्लॅस्टिक. दीड-दोन महिन्यांत प्रत्येक चिरेवर नखाएवढं, केसाळ रोप येतं. पाचगणीच्या ओल्या हवेतलं झाड ते, साताऱ्याच्या एप्रिलमध्ये हाल होतात. मी ते न्हाणीच्या खिडकीत नेऊन ठेवतो. तरी दर दोन-तीन वर्षांनी एखादं जातंच.

रंग का जातो

पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं तर रोप येतं, पण सबंध हिरवं. मी बारा तुकडे लावले होते, बाराही हिरवे. कडेचा पिवळा पट्टा पानाच्या तुकड्यातून पुढं जात नाही, त्याचा गड्डाच फोडून लावावा लागतो. तसंच पांढऱ्या-पिवळ्या डागांच्या झाडाला एखादी सबंध हिरवी फांदी आली तर बुडातून काढून टाका. हिरव्या पानात अन्न जास्त तयार होतं, ती फांदी जोरात वाढते आणि बाकीच्यांना दाबते.

दुसरं कारण युरिया. शेजाऱ्यानं दिला म्हणून मी एका पावसाळ्यात कोलियसला चमचा-चमचा टाकला. पानं ताटलीएवढी झाली आणि हिरवी. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळ खत एवढं पुरे.

पाण्याचं म्हणाल तर कास तलावाचं, नळाला येणारं पाणी झाडांना मानवतं. बोअरचं पाणी पानांवर मारलं की पांढरे ठिपके राहतात, ते मुळाशी द्या.

पिठ्या ढेकूण कोलियस आणि क्रोटनवर येतोच, देठाच्या बेचक्यात कापसासारखा. थोडा असेल तर जुन्या टूथब्रशनं. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात 5 मिलि निंबोळी तेल आणि चिमूटभर साबणाचं पाणी घोटून, संध्याकाळी, पानांच्या खालून फवारायचं. आठ दिवसांनी परत. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

कॅलेडियमची कुंडी

कॅलेडियम अळूच्या घरातला, त्यामुळं खाजही त्याच घरातली. लहान पोरं आणि शेरडं यांच्यापासून लांब ठेवा. मृगाआधी कंद लावायचा, दोन इंच खोल, आणि पावसाळाभर गुलाबी-पांढरी पानं बघायची. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून एकेक करून आडवी होतात. झाड मेलेलं नसतं, कंद झोपलेला असतो. पाणी बंद करा, कुंडी आडोशाला सरकवा आणि वर खडूनं लिहून ठेवा.

लिहायचं का, ते सांगतो. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी घर आवरायच्या झपाट्यात तीन "मेलेल्या" कुंड्या मी परड्यातल्या खताच्या ढिगावर पालथ्या केल्या. मृगाचे दोन पाऊस झाले आणि ढिगातून गुलाबी सुरळ्या वर आल्या, कुंडीत होत्या त्यापेक्षा रुंद. तेव्हापासून आम्ही खताला दुसरा खड्डा केलाय.